एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट

माझ्या बताक्यावर अरबीत काय लिहिलंय
ते सोहारच्या टायपिंग सेंटरमधल्या मुलाने वाचून दाखवलं :
कुटुंबासोबत. कामास परवानगी नाही.
सगळ्यांचंच असतं मॅडम, म्हणाला तो
आणि झेरॉक्सचे शंभर बैसे घेतले.

काम आहेच तरी.
श्रीरंग स्मेल्टरच्या रात्रपाळीला गेला
की मी विणकामाचे नमुने मांडणारा प्रोग्रॅम लिहीत बसते.
दोन सुलट, एक उलट, काठाला जाळी.
चार वर्षांचा प्रत्येक टाका तारखेनिशी जपलाय,
उसवलेलेसुद्धा,
उसवलेले तर जास्तच.

ते सगळं राहतं दाराशी, चपलांच्या रॅकवर,
एका काळ्या डब्यात.
हर्डीकर कायमचे परत गेले तेव्हा बारा रियालला घेतला,
मिक्सर आणि मनीप्लांटसकट.
पंखा घरघरतो. पाहुणे विचारतात, फ्रीज बिघडलाय का?

दीड रियाल महिना, श्रीरंग म्हणतो,
तीन शवर्म्यांचे पैसे.
कुठल्यातरी थंड देशात ठेवतील सांभाळून,
कशाला हा पसारा?
बरोबर आहे त्याचं.
पण कार्ड त्याचं. दर महिन्याला
सहा आकडे त्याच्या फोनवर येणार,
तो भट्टीशी, हातात जाड हातमोजे,
आणि मी इथे वाट बघत की
माझ्याच टाक्यांचं भाडं भरायला तो कधी मोकळा होतो.

डब्याला पत्ता आहे : एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, चाळीस.
असाच पत्ता जगातल्या लाखो घरांत असेल.
उंबऱ्याबाहेर मात्र
त्याला कुणी विचारत नाही.
मला हे वाचून हसू आलं होतं.
मग नाही आलं.

ऑगस्टमध्ये नणंदेच्या लग्नाला इचलकरंजीला गेलो.
तिसऱ्या दिवशी, मांडवाच्या मागे उभी राहून,
फोनवरून डब्याला हाक मारली.
ओ नाही.
पुन्हा मारली. मेंदी ओली, अंगठा उमटेना.

नातूर मफिजुलकडे किल्ली होती.
त्याने फोटो पाठवला : चपला, धूळ, विझलेला दिवा.
एसी ट्रिप झालेला. खोलीची भट्टी.
"बत्ती नहीं जलती, दीदी."
मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, पण त्याने डबा उचलला,
फुंकर मारून पंख्यातली वाळू काढली
आणि जिन्याखालच्या आपल्या खोलीत नेला.
तिथे एसी चोवीस तास चालतो, बिल्डिंगच्या कॅमेऱ्यांसाठी.
कॅमेऱ्यांच्याच नेटला त्याने वायर खोचली.

रात्री डब्याने ओ दिली.

पुढचे तेवीस दिवस माझं सगळं काम
मफिजुलच्या कॉटखाली राहिलं.
फक्त रोज साडेसातला तासभर गप्प.
मी घाबरले, नोंदी चाळल्या, काही सापडेना.
शेवटी विचारलं.
खोलीत प्लग एकच, आणि त्या वेळी तो भात लावतो.

परत आल्यावर त्याला पाच रियाल दिले.
त्याने दोन परत केले.
जागेचं भाडं एवढं होत नाही, म्हणाला,
जागा तर तेवढीशी.

आता डबा परत रॅकवर आहे.
खाली कॉटखाली एक जुनी डिस्क,
रोज पहाटे तिच्यावर प्रत उतरते.
महिन्याला तीन रियाल, रोख, माझ्या हाताने.
श्रीरंगने हिशेब मांडला : दुप्पट पडलं.
मी तेव्हा एका शालीचा काठ उसवत होते
आणि कुठून चुकलं ते सापडत आलं होतं,
म्हणून नुसतं हं म्हटलं.

डिस्कला नाव द्यावं लागतं.
भात ठेवलंय.